नऊ नंबरची स्लिपर

न्यूक्वेच्या स्टेशनात जूनअखेरीस गाड्या भरून येतात.
परीक्षा संपल्या. पाठीवर दप्तरं नाहीत,
तंबू आहेत, बीन्सचे डबे,
आणि मोज्यांत गुंडाळलेल्या बाटल्या,
ज्या आम्हाला दिसत नाहीत असं त्यांना वाटतं.
सोळा वर्षांची पोरं. स्विंडनची, रेडिंगची, कुठली कुठली.
आयांनी दिलेलं सनक्रीम सीलबंद.

मी दिवसा वृद्धाश्रमात गोळ्या मोजते,
हे दोन आठवडे रात्री स्लिपरा.
पिवळं जाकीट मला गुडघ्यापर्यंत येतं.
जोडीला डेन्झिल. चाळीस वर्षं खेकडे धरले,
आता माणसांची पिल्लं धरतो, असं तोच म्हणतो.

काम साधं आहे.
अनवाणी मुलीला स्लिपर द्यायची, वाळूत काचा असतात.
पाण्याची बाटली उघडून द्यायची;
बंद दिली तर ती नुसती बगलेत धरून बसते.
रडणाऱ्याला कारण विचारायचं नाही.
टॅक्सीचा नंबर लिहून घ्यायचा.
आणि कुणी एकटं कड्याकडे निघालं
तर हाक मारायची नाही.
पळायचंही नाही.
समुद्र बघायला निघाल्यासारखं चालत जायचं.

काल एकच्या सुमारास, टोलकार्नच्या वर,
कठड्यापलीकडे एक पोरगा बसला होता.
एक बूट पायात, एक खाली.
"आणायला चाललोय," म्हणाला,
शेजारून साखर आणायला निघावं तसं.
खाली लाटेचा नुसता पांढरा काठ दिसत होता,
दिसायचा, विझायचा.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, मराठीतलं.
अरे मेल्या, तुझ्या आईने तुला तळहातावर...
डेन्झिल म्हणाला, "भरती आहे. तुझा बूट आता वेल्सला निघाला."
मग खोकं पुढे केलं.
"माझी कंबर धरलीये. हे उचलतोस का जरा?"

पोरगा विचारात पडला. बराच वेळ.
मी त्याच्या बोटांकडे बघत होते, कठड्याला धरलेल्या.
मग एक पाय अलीकडे आला, मग दुसरा.
नऊ नंबरच्या स्लिपरा घातल्या त्याने,
खोकं उचललं,
आणि तीन वाजेपर्यंत आमच्यापुढे
आठवडी बाजारात भाजी विकावी तसा
स्लिपरा घ्या, स्लिपरा, ओरडत फिरला.

नाव रोरी. अडीचला फोन वाजला.
स्क्रीनवर नाव आलं: मम, उचलू नको.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे.
"हं. नाही. स्लिपरा वाटतोय.
अगं खरंच. नाही, प्यायलेलो नाही. थोडी."

माझी मैत्रेयी अठराची. शाळा संपवून
पाच मैत्रिणींबरोबर ग्रीसच्या एका बेटावर गेलीये.
मी बॅग भरताना बडबडले:
ग्लास खाली ठेवू नकोस, ठेवलास तर परत उचलू नकोस,
बाल्कनीवरून बाल्कनीत नको,
सहा गेलात, सहा परत या, पाच नाही.
ती म्हणाली, आई,
त्या बीचवरच्या पोरांनाही एवढं ऐकवतेस का गं?

नाही ऐकवत.
त्यांच्यापाशी मला गप्प बसता येतं.

चार वाजता हॉलच्या पायरीवर डेन्झिलचा चहा, फार दूध घालतो.
आत रोरी चंदेरी ब्लँकेटखाली झोपलाय, स्लिपरांसकट.
तिकडे आता सहा वाजले असतील.
त्या बेटावर रात्री कुणी पिवळं जाकीट घालून फिरतं का,
हे मी शोधलं नाही.
शोधलं असतं तर कळलं असतं.

खोक्यात एकोणीस जोड उरले.
डेन्झिल म्हणतो, वीस हवेत.
मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.
मेसेजखाली अजून एकच टिक.